तापोळ्याच्या पाण्यात बोट पळवायची आहे: पंखा बदलावा, इंजिन उचलावं की लोअर युनिटच बदलावं?

पाऊस उघडून दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की तापोळा-बामणोलीकडून मला एकच प्रश्न येतो, "दादा, बोट पळत नाही, काय बदलू?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवलेलं असतं. कुणाला जॅक प्लेट (इंजिन वर उचलून थोडं मागे धरणारी प्लेट) हवी असते, कुणाला मोठ्या पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पुढे सरकणारा, पंखा, कुणी परदेशातल्या रेसिंग बोटी मोबाइलवर बघून थेट नवं लोअर युनिट (इंजिनचा पाण्यात बुडणारा, गिअर आणि पंख्याचा खालचा भाग) मागवायला निघालेला असतो. साताऱ्यात राहून बरीच वर्षं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या, इंजिनांवर काम केल्यावर मी सांगतो ते असं: कोयनेच्या पाण्यातला हिशेब समुद्रावरच्या हिशेबापेक्षा वेगळा आहे. तो मांडल्याशिवाय यातल्या कशावरही पैसे घालू नका.

शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पूर्ण भरतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 659 मीटर असते. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर 300 मीटर चढाला साधारण 3 टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते. म्हणजे 115 हॉर्सपॉवरचं इंजिन इथे 107-108 चंच उरतं, उन्हाळ्यातल्या दुपारी त्याहूनही कमी. आपल्याकडच्या बऱ्याच बोटी किनारपट्टीवरून सेकंडहँड येतात. त्यांचा पंखा समुद्रावर बरोबर बसलेला असतो. तोच इथे जड पडतो. भरलेला ट्रक टॉप गिअरमध्ये खंबाटकी घाट चढायला लावावा तसं इंजिन दबतं, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) चढत नाही, कार्बन धरतो, पिस्टन तापतात. मालकाला मात्र वाटतं की बोटीला आणखी मोठा पंखा हवा.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. इंजिनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची आरपीएमची पट्टी दिलेली असते, अनेक फोर स्ट्रोक इंजिनांना ती 5,000 ते 6,000 असते. दोन माणसं, अर्धी टाकी इंधन, शांत पाणी. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा वाऱ्याविरुद्ध वेग घ्या, सरासरी काढा, सोबत आरपीएम लिहा. मग हे गणित करा: आरपीएमला गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे किती फेरे, तो आकडा) भागा, पिचच्या इंचांनी गुणा आणि पुन्हा 0.001524 ने गुणा. पंखा पाण्यात जराही न घसरता गेला असता तर ताशी किती किलोमीटर वेग मिळाला असता, तो आकडा येतो. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंख्याने पुढे सरकायचं अंतर, लाकडात स्क्रू शिरतो तसं.

उदाहरण घेऊ. गिअर रेशो 2.15, पंखा 19 पिचचा, आरपीएम 5,400. गणित सांगतं 72.7. जीपीएसवर 58 दिसले, तर फरक 20 टक्क्यांचा. याला स्लिप म्हणतात. चांगल्या बसलेल्या हलक्या बोटीत ती 10 ते 15 टक्क्यांत असते. आता त्याच बोटीला चांगल्या घडणीचा 17 पिचचा पंखा लावला. एक इंच पिच कमी झाला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात, म्हणून 5,800 धरू. गणित येतं 69.9, आणि स्लिप 14 टक्क्यांवर आली तर प्रत्यक्ष वेग 60. पिच कमी केला आणि वेग वाढला. हे लोकांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पंखा: सगळ्यात आधी इथे हात घाला

प्रोपेलर, म्हणजे आपण म्हणतो तो पंखा, बदलायला अर्धा तास पुरतो आणि नाही पटला तर जुना परत चढवता येतो. बाकीच्या कुठल्याच बदलात ही सोय नाही. प्रश्न उरतो तो धातूचा. स्टेनलेस स्टील ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी ताठ असतं, त्यामुळे पाती पातळ घडवता येतात आणि जोरात वाकत नाहीत. पूर्ण वेगाला फरक जाणवतो. किंमत साधारण तिप्पट-चौपट.

पण शिवसागरचा तळ विसरू नका. धरणाखाली गेलेल्या गावांचे बांध, जुनी खोडं पाणी उतरलं की वर येतात, आणि वर येण्याआधीचे काही आठवडे ती पाण्याखाली वीतभरच असतात. ॲल्युमिनियमचं पातं खोडाला लागलं की वाकतं किंवा तुटतं, नुकसान बहुधा तिथेच थांबतं. स्टेनलेसचं पातं वाकत नाही. मधल्या हबने धक्का झेलला नाही तर तो शाफ्टला आणि गिअरला जातो. मार्च ते जून बोट चालवणाऱ्याने ॲल्युमिनियमच लावावं, असं मी स्पष्ट सांगतो. पाणी भरलेलं असताना, म्हणजे ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, स्टेनलेसची मजा घ्या.

तीन पाती की चार? निव्वळ टॉप स्पीडला तीन पात्यांचा पंखा थोडा सरस असतो. चार पात्यांचा मागचा भाग उचलून धरतो, वळणावर पाणी सोडत नाही, सहा-आठ माणसं बसली तरी बोट लवकर पाण्यावर येते, म्हणजे पाणी कापण्याऐवजी पृष्ठभागावरून सरकू लागते. पर्यटकांना फिरवणाऱ्याला चार पात्यांचाच पंखा जास्त कामाला येतो, ताशी एक-दोन किलोमीटर गेले तरी.

पात्याच्या मागच्या कडेला आत वळवलेली बारीक घडी असते, तिला कप म्हणतात. तिच्यामुळे पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळही पकड सोडत नाही, मात्र आरपीएम थोडे उतरतात. जॅक प्लेट लावायचा विचार असेल तर पंखा कपवालाच घ्या. साध्या पंख्याला वर उचलून काही हाती लागत नाही.

जॅक प्लेट: फायदा खरा, पण अटी आहेत

पूर्ण वेगात बोटीला मागे ओढणाऱ्या गोष्टींत पाण्यात बुडलेलं लोअर युनिट मोठं असतं. वेग वाढला की पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो भाग जितका पाण्याबाहेर येईल तितका फायदा. जॅक प्लेट दोन गोष्टी करते: इंजिन वर उचलते आणि ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या भिंतीपासून) मागे नेते. बोटीच्या तळाखालून सुटलेलं पाणी मागे जाता जाता वर चढतं, म्हणून इंजिन मागे गेलं की तेवढं वर घेता येतं. आठ इंच मागे गेलं तर साधारण एक इंच वर, हा ढोबळ हिशेब.

प्लेट विकत घेण्याआधी फुकटातला प्रयोग करा. बहुतेक आउटबोर्डच्या ब्रॅकेटला बोल्टची भोकं पाऊण-पाऊण इंचावर एकाखाली एक दिलेली असतात. इंजिन चेनपुलीला टांगा, एक भोक वर घ्या, सिलंट नीट भरा आणि पुन्हा तीच मोजणी करा. वेग वाढला आणि वळणावर पंख्याने हवा धरली नाही, तर तुमची बोट प्लेटला दाद देईल.

हवा धरणं काय असतं, ते सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपला बारीक भोक पडलं की मोटर घुमते आणि पाणी येत नाही. पंखा फार वर घेतला की तो वरची हवा ओढतो, आरपीएम एकदम चढतात आणि बोट ढिली पडते. याला व्हेंटिलेशन म्हणतात. कॅव्हिटेशन वेगळं. त्यात पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनच उकळतं, बुडबुडे होतात, ते फुटताना धातूवर बारीक खड्डे पाडतात. किर्लोस्करवाडीच्या परिसरात पंपांवर काम केलेल्या माणसाने इम्पेलरवरचे असे खड्डे हातात धरून पाहिलेले असतात. पहिल्या दोषाला उपाय उंचीचा. दुसऱ्यात आधी पात्याची कड तपासा, ठेचलेली किंवा चिरलेली कड हे नेहमीचं कारण.

प्लेटच्या अटी तीन. इंजिन मागे गेलं की ट्रान्समवर तरफेसारखा भार वाढतो. जुन्या फायबर बोटीच्या ट्रान्सममध्ये प्लायवूड असतं आणि ते आतून कुजलेलं असू शकतं. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, बद्द आवाज आला तर प्लेटचा विषय तिथेच सोडा. दुसरं, थंड करणारं पाणी ओढायच्या जाळ्या लोअर युनिटच्या बाजूला असतात, त्या पाण्याबाहेर आल्या की इंजिन मिनिटांत तापतं. बाहेर उडणारी पाण्याची धार बघून अंदाज बांधू नका, पाण्याच्या दाबाचं मीटर आधी बसवा आणि मग इंजिन उचला. तिसरं, उचललेलं इंजिन स्टिअरिंग एका बाजूला जास्त ओढतं. केबलचं स्टिअरिंग सैल झालं असेल तर हायड्रॉलिकचा खर्च याच हिशेबात धरा.

लोअर युनिट, गिअर आणि त्यापुढचं

पुढून निमुळतं, खालून पाणी घेणारं रेसिंगचं लोअर युनिट, मर्क्युरी रेसिंगच्या स्पोर्टमास्टरसारखं, फार सुंदर वस्तू आहे. पण त्याचं काम ताशी 110 किलोमीटरच्या आसपास आणि त्यापुढे सुरू होतं. त्या वेगाला साध्या युनिटभोवतीचा पाण्याचा प्रवाह तुटतो आणि पंख्याची पकड अचानक सुटते. तुमची बोट 60-70 ने जात असेल तर तो त्रास तुम्हाला नाहीच, मग त्याचं औषध कशाला?

गिअर रेशोबद्दल मोठा गैरसमज आहे. 2.15 च्या जागी 1.85 घातला तर पंखा 16 टक्के जास्त फिरेल, हे खरं. पण इंजिनची ताकद तीच, म्हणून पिच तेवढाच उतरवावा लागेल आणि तुम्ही फिरून त्याच जागी याल. जड बोटीला तर हळू फिरणारा, मोठ्या व्यासाचा पंखाच हवा. नवी बोट घेताना रेशो जरूर बघा, आहे त्या बोटीत तो बदलत बसू नका.

स्टर्नड्राइव्हवाल्या (इंजिन बोटीच्या आत, पंख्याचं युनिट मागे बाहेर) बोटी आपल्याकडे मोजक्या. त्यातला उलटसुलट फिरणाऱ्या दोन पंख्यांचा प्रकार, व्होल्व्हो पेंटाने 1982 मध्ये आणलेला ड्युओप्रॉप, पकड आणि उठाव उत्तम देतो, फार मोठ्या वेगाला मात्र एकच पंखा सरस. शाफ्ट पाण्याच्या रेषेवर ठेवून अर्धा पंखा बाहेर फिरवणारा आर्नेसनचा सरफेस ड्राइव्ह मोठ्या ताकदीच्या, सतत वेगात राहणाऱ्या बोटींसाठी आहे. धक्क्याला लागून माणसं चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बोटीला तो नको.

वजनाचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. पाण्यावर आलेल्या बोटीचा वेग ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. 10 टक्के जास्त वेगाला 21 टक्के जास्त ताकद लागते. हाच नियम उलटा लावा: माणसं-इंधन धरून 1,000 किलोची बोट 900 वर आणली तर वेग 5 टक्क्यांनी वाढेल, म्हणजे 58 चे 61. वरच्या उदाहरणातल्या नव्या पंख्याने दिले त्यापेक्षा जास्त! जुन्या बोटींच्या फरशीखालचा फोम पाणी पिऊन दगडासारखा झालेला असतो. तो काढून नवा भरा. कोरडा फोम बोटीला तरंगत ठेवतो, म्हणून जागा रिकामी सोडायची नाही. लाइफ जॅकेट आणि नांगर यांना हात लावायचा नाही.

मग घ्यायचं काय? प्रवासी नेणाऱ्याने चार पात्यांचा ॲल्युमिनियम पंखा घ्यावा, पूर्ण भरलेल्या बोटीत आरपीएम पट्टीच्या मधोमध येतील असा पिच निवडावा आणि थांबावं. जॅक प्लेट त्याच्यासाठी नाही. मागे गेलेल्या वजनाने भरलेली बोट पाण्यावर यायला आणखी वेळ घेते. इंजिन मोठं करायचा बेत असेल तर अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 प्रमाणे सर्वेक्षण आणि नोंदणीत तो बदल आधी करून घ्या. आणि वासोट्याकडचा काठ अभयारण्याचा, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा आहे, तिथे वेगाची हौस भागवायची नाही.

स्वतःच्या हौसेसाठी, दोन-तीन माणसांत बोट चालवणाऱ्याला मी हा क्रम देईन: ओला फोम, मग योग्य पिचचा कपवाला स्टेनलेस, मग बोल्टच्या भोकाचा प्रयोग, दाबाचं मीटर, आणि ट्रान्सम खणखणीत निघाला तरच जॅक प्लेट. किल स्विचची (माणूस पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी पहिल्या चाचणीपासून मांडीला किंवा मनगटाला बांधलेली. आणि स्टेनलेस लावला तरी उतरवलेला ॲल्युमिनियमचा पंखा विकू नका. पाना, वॉशर आणि दोन नव्या कॉटर पिनांसह तो सीटखाली बांधून ठेवा.