जपानी दूरसंचार मजकुरासाठी जेएमडिक्ट : काही महिन्यांच्या वापरानंतर

जपानी दूरसंचार दस्तऐवजांचे इंग्रजी भाषांतर करताना गेले कित्येक महिने मी जेएमडिक्ट हा मोफत कोश रोज वापरत आहे. जिम ब्रीन यांनी 1991 मध्ये एडिक्ट या नावाने सुरू केलेल्या कामाचेच हे पुढचे रूप असून, संगणक व दूरसंचार यांच्या संज्ञांचा कॉम्पडिक नावाचा वेगळा संचही कालांतराने त्यात सामावला गेला. त्यामुळे 'किचिक्योकु' म्हणजे बेस स्टेशन, 'हान्सोहा' म्हणजे कॅरिअर वेव्ह असे रोजचे शब्द क्षणात मिळतात, आणि तेवढ्यासाठी दुसरे काही उघडण्याची गरज पडत नाही.

अडचण येते ती अनेक अर्थांच्या शब्दांपाशी. 'काइसेन' हा शब्द घरातल्या दूरध्वनीच्या संदर्भात लाइन असतो, 'काइसेन-कोकान' या जोडशब्दात सर्किट होतो आणि 'नोबोरी काइसेन' म्हटले की अपलिंकमधली लिंक. कोणता पर्याय घ्यायचा हे नेटवर्कच्या कोणत्या भागाविषयी लिहिले आहे ते कळल्याशिवाय ठरत नाही, आणि ते सांगणे कोणत्याही कोशाच्या आवाक्याबाहेरचे आहे. 'फुकुसो'चेही तसेच. चाकाचे आरे तुंब्याशी एकवटावेत अशा अर्थाच्या कांजींचा, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांचा, हा शब्द नेत्रवैद्यकात दोन्ही डोळ्यांच्या नजरेचे अभिसरण दाखवतो, तर दूरसंचारात नेटवर्कवरची कोंडी. 2011 च्या भूकंपानंतर जपानी मोबाइल कंपन्यांनी कमाल 70 ते 95 टक्क्यांपर्यंत कॉल रोखले, ते याच फुकुसोमुळे. एका स्वयंचलित भाषांतर सेवेने मात्र अशाच मजकुरात मला 'कन्व्हर्जन्स', म्हणजे अभिसरण, हा प्रतिशब्द बिनदिक्कत दिला होता. कोशात दोन्ही अर्थ शेजारी दिसत असल्यामुळे निदान शंका तरी येते.

मानकांचा मजकूर असेल, तर कोशाच्या आधी दस्तऐवजाचा क्रमांक पाहावा, असे माझे ठाम मत झाले आहे. टीटीसी या जपानी संस्थेची 'जेटी-क्यू931' यांसारखी मानके आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशींवर बेतलेली असतात. 'जेटी' काढून टाकले की मूळ इंग्रजी शिफारशीचा क्रमांक हाती येतो. तिथे नवा प्रतिशब्द घडवायचा नसतो, मूळचाच शोधून परत ठेवायचा असतो, आणि इंग्रजी वाचणाऱ्या अभियंत्याला तोच अपेक्षित असतो. हे काम कंटाळवाणे खरे, पण पुढची दुरुस्ती वाचते.

कायद्याच्या भाषेत मात्र ही युक्ती चालत नाही. 'दाइइश्शु देन्की त्सूशिन जिग्योशा', म्हणजे स्वतःच्या वाहिन्या असलेली पहिल्या प्रकारची दूरसंचार कंपनी, हा वर्ग 2004 मध्ये रद्द झाला, तरी जुन्या करारांत तो पानोपानी भेटतो. अशा ठिकाणी मी 'टाइप वन' हेच शब्द ठेवतो आणि आजच्या नोंदणीच्या परिभाषेत तो बसवत नाही, कारण करार वाचणाऱ्या वकिलाला त्या वर्षीचा कायदाच पाहायचा असतो.