टिप प्लास्टी (फक्त नाकाच्या टोकाची सर्जरी) की फुल राइनोप्लास्टी (पूर्ण नाकाची)? पुण्यातल्या एका क्लिनिकचा अनुभव
नाकाचं टोक खाली झुकलंय म्हणून नुसती टिप करायची असं ठरवूनच गेले होते, पण डॉक्टरांनी साइडचा फोटो स्क्रीनवर घेऊन मधला उंचवटा बोटाने झाकून दाखवला, मग कळलं खरा प्रॉब्लेम कुठंय. टिपमध्ये फक्त कूर्चेवर (टोकातल्या लवचिक भागावर) काम, हाडाला हात नाही. फुलमध्ये हाड घासून बाजूची हाडं आत घेतात, साधारण आठवडाभर नाकावर स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी) आणि फायनल शेप दिसायला वर्षसुद्धा लागतं. नाकाचा पडदा, श्वास पण नीट तपासला, हे आवडलं. रिसेप्शनवाल्या मॅडम मात्र आजच बुक करा, डिस्काउंट आहे म्हणून मागेच लागल्या, अहो नाक आहे की सोफासेट! फुलच करेन बहुतेक, पण आधी दुसऱ्या सर्जनला दाखवून. डॉक्टरांना पाच स्टार, रिसेप्शनला दोन.