स्टॅबिलायझर बार नवीन टाकला म्हणून पैसे घेतले आणि जुन्यालाच वेल्डिंग मारून दिलं

जुनी गाडी वापरणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा, विशेष करून घाटातून ये-जा करणाऱ्यांनी. माझे पैसे गेले त्याचं दुःख आहेच पण त्या दिवशी गाडीत माझी आई बसलेली होती, ते काही डोक्यातून जात नाही म्हणून एवढं लिहितोय.

मी रत्नागिरीचा. गाडी २०१० ची स्विफ्ट डिझेल, इंजिन अजून एक नंबर, पण आमच्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, गाडीच्या खालचं लोखंड किती जपलं तरी गंजतंच. गेल्या मे महिन्यात पुढून डाव्या बाजूने खट खट आवाज यायला लागला. गंमत अशी की स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर आवाज जवळजवळ नाहीच, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की खाड्कन. आणि वळणावर गाडी एका बाजूला झोपायला लागली, आधी असं कधी व्हायचं नाही. बायको पण म्हणाली, अहो गाडी कलते का हो जास्त?

घराजवळच्या गॅरेजला दाखवली. तिथला पोरगा खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, काका स्टॅबिलायझर बार तुटलाय. हे त्याचं निदान मात्र बरोबर होतं, खोटं बोलणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक जाड वाकवलेला रॉड असतो, काही जण बॅलन्स रॉड म्हणतात, वळताना गाडी एका बाजूला कलायला लागली की हा रॉड पिळला जातो आणि गाडीला सरळ धरतो. दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर तो पिळला जातच नाही, नुसता बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी गादीत, फिरतो, म्हणून माझा आवाज एकच चाक आपटल्यावर यायचा. माझा बार डाव्या बाजूला बुशच्या जवळ, जिथे वाक आहे तिथेच गंजून तुटला होता.

मालकाने सांगितलं नवीन बार टाकावा लागेल, बार, दोन लिंक रॉड (बारची टोकं चाकाकडच्या भागाला जोडणारे छोटे दांडे), बुश आणि मजुरी धरून ९,२०० रुपये. मी म्हटलं ठीक आहे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, करा. तुम्ही जावा घरी काका, संध्याकाळी फोन करतो. मी थांबतो म्हटलं तर नको, गाडीखाली काम चालू असतं, कुणाला काही लागलं तर आमच्यावर येतं. पटण्यासारखंच कारण होतं, मी निघालो. आणि दीड तासात फोन, गाडी तयार आहे. तेव्हाच शंका यायला हवी होती मला.

गेलो तर वाकून बघितलं, बार काळाकुळकुळीत, रंगाचा वास येतोय. जुना बार कुठाय विचारलं तर म्हणे भंगारवाला आत्ताच घेऊन गेला. नवीनचा बॉक्स मात्र काउंटरवर ठेवलेला, हा बघा ओरिजिनल. तो बॉक्स होता जेमतेम वीतभर. अरे बार मीटरभर लांबीचा असतो, वाकवलेला, तो वीतभर बॉक्समध्ये येईल कसा? तो लिंक रॉडचा बॉक्स होता. हे मला तीन महिन्यांनी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सुचलं. बिल म्हणून कच्चा कागद दिला, त्यावर फक्त "सस्पेन्शन काम ९,२००". पार्टचं नाव नाही, नंबर नाही, जीएसटी नाही. वर्षानुवर्षांची ओळख म्हणून मी पक्कं बिल मागितलंच नाही.

आवाज गेला, गाडी छान चालली. ऑगस्टमध्ये आईला कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो, पाऊस बारीक, धुकं, आणि एका उजव्या वळणावर खालून फाट्कन आवाज आला, टायर फुटल्यासारखा. गाडी डावीकडे अशी झुकली की आई ओरडलीच. वेग कमी होता म्हणून सावरली. कडेला घेऊन मोबाईलच्या उजेडात बघितलं तर डाव्या बाजूचा तुकडा लोंबकळतोय आणि ब्रेकच्या होसपासून दोन बोटांवर. पुढचं सगळं अंतर पंचवीस-तीसच्या स्पीडने, मलकापूरला एका पंक्चरवाल्याने बाईंडिंग वायरने तो तुकडा घट्ट बांधून दिला आणि पैसे पण घेतले नाहीत. त्या माणसाचे उपकार आहेत माझ्यावर.

कोल्हापुरात मेव्हण्याच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गाडी रॅम्पवर घेतली. त्यांनी बारवरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सायेब, ह्यो बार नवा न्हाई. जुन्यालाच डाग मारलाय. हात लावून बघा की." मी हात लावला. काळ्या रंगाखाली बोटाला फुगवटा लागत होता, वेल्डिंगचा, आणि तुटलं होतं ते त्या फुगवट्याला अगदी चिकटून बाजूला. मेस्त्रींनी घासून रंग काढला तर खालचं लोखंड निळसर झालेलं. हा बार स्प्रिंगच्या स्टीलचा असतो, त्याला हिशोबाने तापवून थंड करून ताकद आणलेली असते, वेल्डिंगची आग लागली की ती ताकद तेवढ्या जागेची जाते, मग रोज पिळ बसून बसून वेल्डिंगच्या शेजारीच तुटतो. लोखंडी गेटला डाग मारतात तसा ह्याला मारून चालतच नाही.

मग त्यांनी वरचे क्रॉस मेंबरचे, म्हणजे पुढच्या बाजूला खालून असलेल्या आडव्या लोखंडी चौकटीचे, बोल्ट दाखवले. ह्या गाडीत बार बाहेर काढायचा तर क्रॉस मेंबर खाली घ्यावा लागतो, निम्मा दिवस जातो. माझ्या बोल्टांवर आमच्याकडची लाल माती वाळून दगड झालेली, पान्याचा एक ओरखडा नाही. म्हणजे बार गाडीतून निघालाच नव्हता, जागेवरच वेल्डिंग मारलं होतं, शेजारचा रबरी बुश आगीने अर्धा वितळलेला होता तो पण तसाच ठेवला. लिंक रॉड तेवढे दोन्ही खरंच नवीन होते, आवाज गेला तो त्याच्यामुळे आणि वेल्डिंग धरून होतं तोपर्यंत.

मेस्त्रींनी माझ्यासमोर नवीन बार मागवला, पार्ट नंबरची चिठ्ठी लावलेला, सकाळी दहाला लावलेलं काम दुपारी तीनला संपलं, वर अलाइनमेंट करायला लावलं कारण क्रॉस मेंबर हलवलेला. ओळखीचे असूनही पक्कं बिल न मागता दिलं. जुने तुकडे स्वतःहून डिकीत टाकले. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवा, कुणी एकच चाक जॅकवर घेऊन लिंक हलवून दाखवली आणि म्हणाला बघा टाइट आहे किंवा खराब आहे, तर विश्वास ठेवू नका, एक चाक उचललं की बार ताणला जातो आणि ढिली लिंक पण घट्ट वाटते. दोन्ही चाकं सारखी वर किंवा दोन्ही जमिनीवर, तेव्हाच खरं कळतं.

आणि आता मी काय करतो ते सांगतो. काम द्यायच्या आधी जुन्या पार्टवर खडूने किंवा नेलपॉलिशने खूण आणि मोबाईलवर फोटो. जुना पार्ट परत पाहिजे हे आधीच सांगायचं, नंतर नाही. नवीन पार्ट लावायच्या आधी हातात घेऊन बघायचा. चकचकीत काळा रंग दिसला म्हणजे नवीन असं अजिबात समजू नका, स्प्रेचा डबा कुठेही मिळतो.

परत आल्यावर तुकडे घेऊन त्या मालकाकडे गेलो. आधी म्हणाला तुम्ही खड्ड्यात घातली असेल. मी वेल्डिंगवर बोट ठेवलं, मग गप्प. मग म्हणे पोराने केलं, मला माहीत नव्हतं. पोरगा खाली मान घालून उभा. तीन हजार काढून दिले, बाकीचे देतो म्हणाला, त्यानंतर फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, तिथे पहिला प्रश्न आला बिल आहे का, आणि माझ्याकडे तो कच्चा कागद. तरी नोंदवली आहे, तुकड्यांचे आणि बोल्टचे फोटो जोडलेत, बघू. ग्राहक आयोगात पण जायची तयारी आहे, पाच लाखांच्या आतल्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

आई आता घाटातून यायलाच तयार नाही, पुढची तपासणी एसटीने करून आली. दोन्ही तुकडे मी जपून ठेवलेत, वेल्डिंगसकट, रत्नागिरीत कुणाला प्रत्यक्ष बघायचे असतील तर दाखवीन.