ईस्टरच्या आधी कन्फेशन: एकट्याने की सगळ्यांसोबत?

वसईच्या एका मैत्रिणीने विचारलंय, खूप वर्षांनी पापनिवेदनाला (कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं सांगून क्षमा मागायला) जायचंय, तर एरवीच्या वेळेत एकटीने जाऊ की प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, सगळ्या पॅरिशसाठी (एका चर्चच्या सगळ्या लोकांसाठी) ठेवतात त्या सामुदायिक विधीला? आधी हे सांगते की कॅथलिक चर्चच्या १९७३ च्या सुधारित विधीत दोन्ही पद्धती आहेत आणि पापक्षमा दोन्हीकडे पूर्ण मिळते. सामुदायिक विधीतसुद्धा पापं प्रत्येकाने फादरांना एकेकट्यानेच सांगायची असतात, आणि गुप्ततेचा नियमही तोच, फादर ते कुणालाच सांगू शकत नाहीत, त्यामुळे ती भीती सोडून दे.

फरक वेळेचा आहे. सामुदायिक विधीला बाहेरचे फादरही येतात पण मागे रांग असते, थोडक्यात सांगून उठावं लागतं. एकटीने गेलीस तर अडखळत, रडत, थांबत बोलता येतं, सल्लाही नीट मिळतो.

तयारी मात्र सामुदायिक विधीत सोपी, शास्त्रवाचन, प्रवचन, मनाची तपासणी सगळं मिळून होतं, एकटीला ते घरूनच करून जावं लागतं.

आणि आनंद! बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात उधळा मुलगा परत येतो तेव्हा बाप मेजवानीच देतो ना, तसं सगळ्यांनी मिळून देवाचे आभार मानणं मला फार मोलाचं वाटतं, हे एकटीला नाही मिळत.

दरवर्षी जाणाऱ्यांना किंवा सुरुवात कशी करायची तेच विसरलेल्यांना सामुदायिक विधी बरा. बरंच साठलेलं, अवघड काही सांगायचं असेल तर फादरांकडे वेळ मागून एकटीनेच जा, तुझ्यासाठी मी हेच म्हणेन.