सिडनीच्या पाण्याखाली सोळा महिने : स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंगच्या जागांचा माझा अनुभव

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक मास्क आणि वापरलेल्या फिन्सची (पोहताना पायात घालायच्या वल्ह्यांची) जोडी विकत घेतली. तेव्हापासून या जूनपर्यंत मी सिडनीच्या किनाऱ्यावर ७४ वेळा पाण्यात उतरलेय. त्यातल्या ४१ वेळा नुसतं स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे नळीनं श्वास घेत वरूनच खाली बघितलं, बाकी वेळा हवेची टाकी पाठीला लावून खाली गेले. आकडा नेमका सांगता येतो, कारण दर वेळी घरी आल्यावर वहीत लिहिलं : जागा कोणती, वारा कुठला, पाणी किती गार, किती लांबचं दिसत होतं आणि काय दिसलं. इकडे वेस्टमीड, पॅरामॅटा भागातली ओळखीची मराठी मंडळी विचारतात, "कुठली जागा चांगली गं?" वही चाळल्यावर माझं उत्तर असं झालंय की आधी वारा बघा आणि मग जागा ठरवा. शिवाय जमलं तर एकच जागा निवडून सगळे ऋतू तिथेच जा.

मी मूळची सांगलीची. पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकले. सासर मालवणचं, त्यामुळे मास्क लावून पाण्याखाली पहिल्यांदा डोकावले ती सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. तिथे होडीतून नेतात, हात धरून उतरवतात, दहा-पंधरा मिनिटांत परत वर काढतात. सिडनीत तसं नाही. इथल्या बहुतेक चांगल्या जागा किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायच्या आहेत. पैसे पडत नाहीत, पण हात धरायलाही कुणी नसतं. पाणी आज कसं आहे हे स्वतःलाच ओळखावं लागतं. ते शिकायला मला सहा महिने लागले.

एक गोष्ट आधीच सांगते. ग्रेट बॅरियर रीफचे फोटो मनात ठेवून इथे येऊ नका. इथे प्रवाळाच्या बागा नाहीत. केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाचं तपकिरी रान आहे, रंगीत स्पंज आहेत, वालुकाश्माच्या कपारी आहेत. उत्तरेकडून ईस्ट ऑस्ट्रेलियन करंट हा उबदार प्रवाह येतो आणि दक्षिणेकडून थंड समुद्राची माणसं, म्हणजे मासे, इथवर पोचतात. दोन्हीकडचे पाहुणे एकाच खडकावर भेटतात, हीच या किनाऱ्याची खरी श्रीमंती.

माझी सगळ्यात आवडती जागा मॅनलीची शेली बीच. सर्क्युलर की या धक्क्यावरून फेरी बोट, मग मॅनलीच्या दक्षिण टोकाकडून समुद्राच्या कडेकडेनं पायवाट. वहीत शेली बीचच्या ३१ नोंदी आहेत. हा सगळा भाग म्हणजे कॅबेज ट्री बे अॅक्वॅटिक रिझर्व्ह. सुमारे २० हेक्टरचं पाणी २००२ पासून राखीव आहे. मासे पकडायचे नाहीतच, पण रिकामा शिंपलाही उचलायचा नाही. त्याचा परिणाम गुडघाभर पाण्यातच दिसतो. मासे माणसाला बिचकत नाहीत.

शिवाय या किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे. पूर्व किनाऱ्यावर अशी पुळण फार थोड्या ठिकाणी सापडते. दक्षिणेकडून उधाण आलं की बाकीचे किनारे खवळतात, पण इथे मधलं टेकाड लाटा अडवतं. नवशिक्यानं पहिल्यांदा इथेच यावं. उजव्या हाताच्या खडकांच्या कडेनं गेलात तर तीन ते पाच मीटर खोलीवर सगळं दिसतं. टाकी असेल तर दहा-बारा मीटरपर्यंत जाता येतं.

फेब्रुवारीत मी पहिल्यांदा उतरले तेव्हा पाणी २३ अंश होतं. साध्या रॅश व्हेस्टवर, म्हणजे पोहण्याच्या पातळ सदऱ्यावर, तासभर पोहले. खडकाच्या आडोशाला नाण्याएवढी पिवळी फुलपाखरू-माशांची पिल्लं दिसली. हे उष्ण समुद्रातले मासे. प्रवाहाबरोबर अंडी-पिल्लं वाहत येतात आणि उन्हाळाभर इथे वाढतात. त्याच सुमारास, एप्रिलपर्यंत, डस्की व्हेलर या मुशीची (शार्कची) मीटरभर लांबीची पिल्लं उथळ पाण्यात घिरट्या घालतात. पहिल्यांदा पाच-सहा एकदम समोरून आली तेव्हा माझा श्वास स्नॉर्केलमध्येच अडकला. ती मात्र माझ्याकडे न बघता वळसा घालून निघून गेली.

जुलैमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, त्याच खडकाशी गेले तर एकही फुलपाखरू-मासा नाही. पाणी १७-१८ अंशांवर उतरलं की बहुतेक पिल्लं तगत नाहीत. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं, कारण एका पिल्लाला मी पाच महिने त्याच कपारीत बघत होते. पण त्या गारठ्यातच पोर्ट जॅक्सन मुशा आल्या. बोजड डोक्याच्या, अंगावर घोड्याच्या साजासारखे काळे पट्टे. हिवाळ्यात त्या वीण करायला किनाऱ्याशी येतात आणि घळींत एकमेकींना खेटून पडून राहतात. ऑगस्टमध्ये एका घळीत मी अकरा मोजल्या. त्यांची अंडी स्क्रूसारख्या आट्यांची, गडद तपकिरी, चामड्यासारखी असतात. ती खडकाच्या फटीत घट्ट बसतात आणि आतलं पिल्लू बाहेर यायला जवळजवळ वर्ष लागतं.

घळीतल्या मुशांचा फोटो मी मालवणला सासूबाईंना पाठवला. लगेच फोन. "अगो, ही तर मोरी!" मोरी म्हणजे मुशीच. मग निळा ग्रोपर या माशाचा फोटो बघून म्हणाल्या, "एवढो मोठो मासो, आणि कोण धरीत नाय?" मी म्हटलं, "आई, धरायची बंदी आहे, म्हणून तर एवढा मोठा झालाय." त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी मालवणलाही असे मोठाले मासे किनाऱ्याशी यायचे.

ईस्टर्न ब्लू ग्रोपर हा १९९८ पासून न्यू साउथ वेल्सचा राज्य-मासा आहे. नाव ग्रोपर असलं तरी तो रास (wrasse) नावाच्या माशांच्या कुळातला. जन्मतः सगळे मादी, रंग तपकिरी. पुढे मोठेपणी त्यातल्या काहींचे नर होतात आणि निळेजर्द दिसू लागतात. मीटरभराहून लांब होतो, जबड्यात जाड दात आणि समुद्री साळिंद्रं फोडून खायची सवय. तो बघायला सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे क्लोव्हेली. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कट्टे, मध्ये चिंचोळी खाडी, उतरायला पायऱ्या. लहान मुलं, वयस्कर माणसं असतील तर इथे या. सासूबाई डिसेंबरात तीन महिन्यांसाठी आल्या, तेव्हा त्यांना इथेच नेलं. वय ६६, साडीऐवजी माझा जुना वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) घालायला तयार झाल्या. निळा ग्रोपर त्यांच्या मास्कपासून हातभरावर येऊन थांबला. पायरीवर बसून कितीतरी वेळ त्या बोलल्याच नाहीत.

क्लोव्हेलीला दोष एकच, गाडी लावायला जागा मिळणं. उन्हाळ्यात रविवारी नऊच्या आत पोचला नाहीत तर परत फिरा.

शेजारचीच गॉर्डन्स बे. इथे पाण्याखाली पायवाट आहे. काँक्रीट भरलेली पिंपं साखळीनं जोडून टाकलीत, साधारण ६०० मीटर. ठिकठिकाणी माहितीच्या पाट्या. टाकी घेऊन नव्यानं डायव्हिंग सुरू केलेल्यांना वाट चुकण्याची भीती नाही आणि खोली १४ मीटरपर्यंतच. मला ही जागा हिवाळ्यात, पश्चिमेचा वारा असताना आवडते. गेल्या जुलैत इथेच मोठी माकूळ भेटली, जायंट कटलफिश, माझ्या हाताएवढी लांब. मी समोर तरंगत राहिले आणि ती बारा मिनिटं रंग बदलत राहिली. मान्य करते, त्या दिवशी टाकीतली हवा मी नेहमीपेक्षा पटकन संपवली. पूर्वेचं उधाण असेल तर मात्र इकडे फिरकू नका. खडकाळ चढणीवरून सामान वागवत बाहेर येणं जिवावर येतं.

बंदराच्या आतलं क्लिफ्टन गार्डन्स दिसायला अगदी साधं. गाळाचा तळ, पोहण्यासाठी लावलेली जाळी, जुना धक्का. पण त्या जाळीला शेपटीनं धरून समुद्रघोडे बसतात. हा व्हाइट्स सीहॉर्स. १७८८ मध्ये ब्रिटिशांच्या जहाजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर इथे आलेल्या जॉन व्हाइट या शल्यचिकित्सकाचं नाव त्याला दिलंय. ही जात आता धोक्यात आहे. त्यांच्यासाठी इथे 'सीहॉर्स हॉटेल' ठेवली आहेत, म्हणजे खेकड्याच्या सापळ्यासारखे लोखंडी जाळीचे पिंजरे. त्यावर स्पंज, शेवाळ वाढतं, लोखंड हळूहळू गंजून जातं आणि घोड्यांना राहायला नैसर्गिक जागा उरते. मत्स्यालयात वाढवलेली पिल्लं २०२० मध्ये इथे सोडली. पहिल्या तीन खेपांना मला एकही दिसला नाही. चौथ्यांदा रात्री टॉर्च घेऊन उतरले, पाचच मीटरवर, आणि सात दिसले. त्यातल्या एका नराचं पोट फुगलेलं होतं. यांच्यात पिल्लं नर वाढवतो. फिन्स तळाला लागल्या की गाळ उठतो आणि सगळं संपतं, म्हणून तरंगणं नीट जमल्यावरच इथे या. प्रकाशही त्यांच्या डोळ्यांवर रोखून धरू नका.

आता बेअर आयलंड. ला पेरूजला, लाकडी पुलानं जोडलेलं बेट, वर १८८० च्या दशकातला किल्ला. स्पंजांचे रंग बघायचे तर टॉर्च घेऊन इथे उतरा. पाण्याखाली लाल रंग आधी विझतो, त्यामुळे टॉर्चशिवाय सगळं निळं-करडं दिसतं. दिवा लावला की भिंतच्या भिंत केशरी, जांभळी, पिवळी होते. वीडी सीड्रॅगन मला पहिल्यांदा इथेच दिसला. फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात मिळणारा हा जीव, केल्पच्या पानासारखा डुलत असतो. नर शेपटीखाली अंडी चिकटवून फिरतो. (बोटनी बेच्या पलीकडे कर्नेललाही हे दिसतात, पण तिथे उतरायची जागा अवघड, अनुभवी जोडीदाराशिवाय नको.)

माझी सगळ्यात वाईट नोंदही बेअर आयलंडचीच. मेमध्ये दोन दिवस मुसळधार पाऊस झाला होता आणि दक्षिणेचं उधाण होतं. रजा टाकलेली, म्हणून तरीही गेलो. खाली मीटरभरापलीकडे दिसत नव्हतं. चार मिनिटांत जोडीदार हरवला. मिनिटभर शोधायचं, नाही सापडला तर वर यायचं, हा नियम पाळला म्हणून दोघं वर भेटलो. बाहेर पडताना लाटेनं खडकावर आपटलं आणि कालवांच्या धारेनं गुडघा फाटला, चार टाके पडले. त्या दिवसापासून पावसानंतर खुल्या समुद्रात किमान एक दिवस आणि बंदर-खाडीत तीन दिवस पाण्यात जात नाही. रस्त्यांवरची घाण पावसाबरोबर समुद्रातच येते, त्यामुळे सरकारी सल्लाही हाच आहे.

वाऱ्याचं गणित मला जसं कळलं तसं सांगते. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहतो, लाटा बसतात, पाणी निवळतं. माझ्या वहीतले १५ मीटरच्या वर दिसलेले सगळे दिवस मे ते ऑगस्टमधले आहेत. उन्हाळ्यात ईशान्येचा वारा सलग तीन-चार दिवस राहिला की खालचं गार पाणी वर येतं. बाहेर ३० अंश आणि पाणी १६, हे मी नोव्हेंबरात स्वतः भोगलंय. हाच वारा ब्लूबॉटल हे डंख करणारे समुद्री जीव घेऊन येतो. डंख झाला तर सोसवेल इतक्या गरम पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बाकी काळजी एवढीच की खडकाच्या फटीत हात घालू नका. तिथे वॉबेगाँग मुशी गालिच्यासारखी पसरलेली असते आणि निळ्या कड्यांचा ऑक्टोपसही असू शकतो, त्याचं विष जीवघेणं.

सामानाबद्दल थोडक्यात. मास्क दुकानात चेहऱ्याला लावून बघा, पट्टा न लावता नाकानं श्वास ओढल्यावर चिकटून राहिला पाहिजे. वेटसूट ५ मिलिमीटरचा घ्या. मी पहिल्यांदा ३ चा घेतला आणि जूनमध्ये वीस मिनिटांत कुडकुडत बाहेर आले. कोर्स करायचा असेल तर एका प्रशिक्षकामागे किती जण, हे आधी विचारा. माझ्या पहिल्या कोर्सला आम्ही आठ होतो, कान मोकळे व्हायच्या आत खाली जायची घाई झाली आणि नंतर दोन आठवडे कान दुखला. दुसरीकडे चौघांच्या गटात पुन्हा शिकले, तेव्हा कुठे जमलं.

शेवटी एका शेवाळाबद्दल. क्रेवीड नावाचं समुद्री शेवाळ सिडनीच्या सुमारे ७० किलोमीटर किनाऱ्यावरून १९८० च्या दशकात नाहीसं झालं. किनाऱ्यालगत सोडलेलं सांडपाणी हे कारण मानतात. पुढे सांडपाण्याचे नळ खोल समुद्रात नेले, पाणी सुधारलं, पण क्रेवीड आपलं आपण परतलं नाही. मग २०११ पासून शास्त्रज्ञांनी खडकावर जाळ्या ठोकून त्यावर हातानं रोपं बांधायला सुरुवात केली, आणि काही ठिकाणी आता त्याची पुढची पिढी उगवलीय. ते ओळखायला शिकल्यापासून मी माशांइतकीच त्याच्याकडे बघते.

या रविवारी पश्चिमेचा वारा आहे, पाऊस होऊन सहा दिवस झालेत. सकाळी साडेसातची मॅनली फेरी पकडणार आहे. गेल्या वर्षी अकरा मोजल्या त्या घळीत मुशा यायला लागल्या का, ते बघायचंय.