थारसाठी टायर आणि रिम: १६ इंची की १८, एटी की एमटी?

महिंद्राच्या थारचे मूळ टायर झिजले की बहुतेक मालक थेट एचटी (डांबरी रस्त्यासाठीचा), एटी (सगळ्या प्रकारच्या वाटांसाठीचा) की एमटी (चिखलासाठीचा) या वादात उतरतात. माझ्या मते त्याआधी रिमचा निर्णय व्हायला हवा, कारण टायरची नक्षी कितीही उत्तम असली तरी रिमच्या मापाने टायरची बाजू आखूड ठेवली असेल, तर दगडधोंड्यांच्या वाटेवर तिचा फायदा अर्ध्यावरच संपतो.

२०२० साली आलेली तीन दरवाजांची थार दोन मापांच्या चाकांवर विकली गेली. साध्या आवृत्तीला स्टीलच्या रिमवर २४५/७५ आर १६ टायर होते आणि वरच्या आवृत्तीला अलॉयवर, म्हणजे मिश्रधातूच्या रिमवर, २५५/६५ आर १८. या आकड्यांतला पहिला भाग टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत देतो. हिशेब मांडला तर १६ इंची चाकावर साइडवॉल सुमारे १८४ मिलिमीटर भरते, १८ इंचीवर मात्र १६६ मिलिमीटरच. म्हणजे एकूण व्यास ७७४ वरून ७८९ मिलिमीटर झाला, चाक डोळ्यांना भारदस्त दिसू लागले, पण रिम आणि दगड यांच्यामधले रबर जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटरने कमी झाले.

या पावणेदोन सेंटिमीटरची किंमत मला लोणावळ्याहून राजमाचीला जाणाऱ्या कच्च्या वाटेवर कळली. टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे माप) उतरवलेली होती, मागचे डावे चाक एका उभ्या दगडावरून खाली आले आणि टायर दगड व रिमची कड यांच्या कात्रीत सापडला. खाली उतरून पाहिले तर साइडवॉलला दोन बोटे लांबीची चीर पडली होती, तिच्यातून आतले पांढरे दोरे दिसत होते आणि अलॉयच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला होता. पंक्चरची पट्टी टायरच्या तळाला चालते, साइडवॉलला नाही. त्यामुळे तो टायर तिथेच निकालात निघाला.

स्टील आणि अलॉय यांच्या निवडीतही हाच मुद्दा पुढे येतो. अलॉय साधारणपणे हलके असते, त्यामुळे सस्पेन्शनवरचा भार कमी होतो, गाडी डांबरावर चपळ वाटते आणि दिसण्यात तर प्रश्नच नाही. परंतु जोराचा मार बसला की ते तडकते, आणि तडकलेल्या रिमला वेल्डिंग करून महामार्गावर भरवेगात जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. स्टीलचे रिम वाकते, आणि वाकलेली कड तालुक्याच्या गावातला टायरवालासुद्धा हातोड्याने घर पोहोचण्यापुरती सरळ करून देतो. ज्यांची गाडी महिन्यातून दोनदा तरी कच्च्यात उतरते त्यांनी १६ इंची स्टील घ्यावे. बाकीच्यांनी मूळ १८ इंची अलॉय बदलण्याच्या खर्चात पडू नये.

आता टायरची जात. पुणे किंवा मुंबईत रोज चालणारी आणि सुटीत एखाद्या शेतघरापर्यंत मुरमाच्या रस्त्याने जाणारी गाडी असेल, विशेषतः २०२३ पासून मिळणारी केवळ मागच्या चाकांवर चालणारी थार असेल, तर एचटी पुरेसा आहे. तो शांत चालतो, ओल्या डांबरावर चांगला थांबतो आणि डिझेलही कमी खातो. एमटीच्या मोठ्या ठोकळ्यांमधल्या रुंद फटींतून चिखल फेकला जातो, आणि मराठवाड्यातल्या काळ्या रानात जुलै महिन्यात पाणंद रस्त्याने जायचे असेल तर ही गोष्ट निर्णायक ठरते, कारण ती माती पाण्याने फुगते, चिकटते आणि एटीच्या खाचा दहा पावलांत भरून टायरचा नुसता गोळा करून टाकते. मात्र तोच एमटी ताम्हिणी घाटात भर पावसात मोठी परीक्षा घेतो. ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी असल्याने ओल्या डांबरावर पकड कमी मिळते, ब्रेक दाबल्यावर गाडी अधिक अंतर घेते आणि साठच्या पुढे केबिनमध्ये सतत घों घों ऐकू येते.

घाट, जांभ्याचे चढ, ओढ्यातले गोटे आणि मुरूम हा सह्याद्री-कोकणातला नेहमीचा मामला असेल तर एटी हेच माझे उत्तर आहे. गाडी फसण्याचे कारण पुष्कळदा टायरची नक्षी नसते, न उतरवलेली हवा असते. १८ ते २० पीएसआयवर टायर लांबट पसरतो आणि पकड वाढते. १५ च्या खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. म्हणून एमटीसाठी लागणारे जादा पैसे आधी बारा व्होल्टच्या चांगल्या पंपावर खर्च करावेत, कारण डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरल्याशिवाय वेग घेणे धोक्याचे असते.

मोठ्या मापाचा मोह अनेकांना होतो. २४५/७५ च्या जागी २६५/७५ आर १६ बसवला तर व्यास ८०४ मिलिमीटर होतो, गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची फक्त दीड सेंटिमीटर वाढते आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ ने धावत असते. गिअरही तेवढ्याच प्रमाणात जड होतात, जे घाटात लगेच जाणवते. मोटर वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, तेव्हा अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो हेही ध्यानात घ्यावे. चाके मडगार्डबाहेर काढणारे स्पेसर तर मी विचारातही घेत नाही.

चार चाकी ड्राइव्ह असलेल्या गाडीत चारही टायरचा व्यास सारखा हवा, म्हणून बदलताना एकदम बदलावेत आणि स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी. थारची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असल्याने जड टायरचा भार त्या बिजागऱ्यांवर येतो हे विसरू नये. दुकानात साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक स्वतः वाचावेत: २३२५ म्हणजे टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. माझ्यासमोर ठेवलेल्या चारांपैकी एकावर दोन वर्षांपूर्वीचा आकडा होता, आणि तो मुद्दाम भिंतीकडे वळवून ठेवला होता.