ल ने द्यू काफे: छत्तीस वासांचा संच आपल्याकडच्या सेन्सरी पॅनेलसाठी कितपत कामाचा?

ल ने द्यू काफे हा कॉफीत सापडणारे छत्तीस वास छोट्या बाटल्यांत भरलेला संच आहे. सेन्सरी पॅनेल, म्हणजे वास-चव मोजायला तयार केलेल्या परीक्षकांचा गट, त्यावर नाक तयार करतं. या संचातली 21 नंबरची बाटली नाकाशी नेली की आपल्याकडचे बहुतेक जण म्हणतील, ‘भात’. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी शिजत आला असताना झाकण उचलल्यावर येतो तो वास. पुस्तिकेत तिचं नाव ‘बासमती तांदूळ’ आहे, तेव्हा नावात फारसा घोळ नाही. घोळ आहे तो गटात. कॉफी पारखणाऱ्यांच्या वर्गवारीत ही बाटली दोषांच्या रांगेत बसते: माती, पेंढा, चामडं, धूर, औषध, रबर यांच्या शेजारी. ज्या वासासाठी आपण तांदळाला दोन पैसे जास्त मोजतो, तो कॉफीत खोट ठरतो. वासाला नाव देणं वेगळं आणि त्याला चांगलं-वाईट ठरवणं वेगळं, हे नव्या पॅनेलिस्टला समजावायला याहून चांगली बाटली मिळणार नाही. म्हणून परीक्षणाची सुरुवात तिच्यापासूनच.

झाँ लनुआर या फ्रेंच माणसानं 1981 मध्ये वाइनसाठी असाच संच काढला होता, त्यात 54 वास आहेत. कॉफीच्या संचात 36. कॉफीवाले त्यांची नऊ-नऊच्या चार गटांत विभागणी करतात. पहिला गट फळाफुलांचा आणि भाज्यांचा: लिंबू, सफरचंद, जर्दाळू, काकडी, मटार, कॉफीचं फूल. दुसरा साखर तांबूस होताना तयार होणारा: व्हॅनिला, लोणी, टोस्ट, कॅरॅमल, डार्क चॉकलेट आणि भाजलेले दाणे. तिसरा कोरड्या, मसालेदार, लाकडी वासांचा: लवंग, मिरी, धणे, देवदार, माल्ट, तंबाखू. चौथा वर सांगितलेला दोषांचा. क्यू ग्रेडर, म्हणजे कॉफीची प्रत ठरवणारे प्रमाणित परीक्षक, यांच्या परीक्षेत वर्षानुवर्षं हाच संच वापरला गेला. वर्ल्ड कॉफी रिसर्च या संशोधन संस्थेच्या 2016 च्या लेक्सिकनमध्येही, म्हणजे कॉफीच्या वास-चवींच्या शब्दकोशातही, त्यातल्या बाटल्या संदर्भ म्हणून येतात.

संचाची खरी किंमत इथेच आहे. त्या लेक्सिकनमध्ये 110 गुणधर्म आहेत, प्रत्येकाला 0 ते 15 च्या मापावर तीव्रता द्यायची असते आणि संदर्भ म्हणून दिलेले बरेचसे पदार्थ अमेरिकन वाणसामानाच्या दुकानातले आहेत. ते पुण्यात किंवा चिक्कमगळुरूत शोधत बसणं म्हणजे नुसती दमछाक. बाटलीचा नंबर मात्र सगळीकडे एकच. आपण ‘28’ लिहिलं की बोगोटातल्या माणसालाही भाजलेला शेंगदाणाच कळतो. शिवाय घरी भाजलेला दाणा आज एक वास देतो, तीन दिवसांनी खवट दुसराच. बाटली महिन्याभरानं उघडली तरी संदर्भ हलत नाही. ज्या पॅनेलला वर्षभर एकच उत्पादन तपासायचं असतं, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता अडचणी. छत्तीसपैकी निम्म्याहून जास्त वास आपल्या स्वयंपाकघरातले आहेत आणि ते पॅनेल पहिल्या आठवड्यातच ओळखतं. उरलेल्यांवर सगळी मेहनत जाते. ब्लॅककरंट, हेझलनट, मेपल सिरप ही फळं आणि पदार्थ ज्यानं कधी हाताळलेच नाहीत, त्यानं ती नावं घोकून काही साधत नाही. प्रत्येक अनोळखी बाटलीसाठी ओळखीचा एक खुंटा लागतो, तो आपण स्वतः ठोकायचा.

मेपल सिरपसाठी मेथी. हे वाचताना विचित्र वाटेल, पण दोन्हींत सोटोलोन नावाचा एकच रेणू महत्त्वाचा आहे. चमचाभर मेथीदाणे मंद आचेवर रंग बदलेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, बत्त्यानं भरड करा आणि झाकणाच्या बरणीत दहा मिनिटं ठेवा. झाकण उघडल्यावर पहिला येतो तो कडसर वास सोडून द्यायचा. त्यामागून जो गोड, काकवीसारखा सूर येतो तो लक्षात ठेवून लगेच 24 नंबरची बाटली हुंगायची. देवदारासाठी शार्पनरमधून निघालेली पेन्सिलीची ताजी सालं, पेंढ्यासाठी कोरडा कडबा. गुलाबाच्या, फळांच्या जॅमसारख्या 11 नंबरला गुलकंद अगदी जवळ जातो. ब्लॅककरंटला नेमका जोडीदार नाही. त्यातला गंधकाकडे झुकणारा फळाचा सूर पिकलेल्या पेरूत थोडा सापडतो, तेवढ्यावर भागवावं. हेझलनटला मात्र पर्याय शोधू नका, सुक्यामेव्याच्या दुकानातून पन्नास ग्रॅम हेझलनट आणून भाजा. बदाम, शेंगदाणा, हेझलनट आणि अक्रोड या चार बाटल्यांत सर्वात जास्त गोंधळ होतो आणि चारही एकाच दिवशी शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय तो सुटत नाही.

लोण्याची बाटली, नंबर 18, वेगळ्या कारणानं अडवते. आपल्याकडे कुणी तिला तूप म्हणतं, कुणी साय, कुणी सिनेमागृहातला पॉपकॉर्न. ताक घुसळून काढलेल्या लोण्याच्या वासात डायअॅसिटिल हा वासाचा रेणू पुढे असतो. ते लोणी कढवलं की वासाची घडणच बदलते. ताजं लोणी आणि त्याच लोण्याचं तूप अशा दोन वाट्या बाटलीशेजारी ठेवा. ‘लोणी’ हा शब्द पॅनेलनं एकदा पक्का केला की तूप हा स्वतंत्र शब्द आपल्या यादीत वाढवायचा. दूध घातलेल्या कॉफीवर किंवा कॉफीच्या आइस्क्रीमवर काम असेल तर तो लागतोच.

31 नंबरची बाटली शिजलेल्या गोमांसाच्या वासाची आहे. ही गोष्ट पॅनेलला आधी सांगा, नंतर नको. खायचं काही नाही, नुसता वास आहे, तरीही ज्याला नको असेल त्याला ती बाटली सोडू द्या. नोंदीत ‘उकळत्या मांसाचा रस्सा’ एवढं लिहिलं तरी काम होतं.

दोषांच्या गटाबद्दल आमचं मत ठाम आहे: प्रशिक्षणात गटांची नावं पॅनेलला सांगूच नयेत. मॉन्सून्ड मलबार घ्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत पावसाळी वारा लागून हिरव्या बिया फुगतात, फिकट होतात, आंबटपणा ओसरतो आणि कपात मातकट, मसालेदार सूर येतो. गिऱ्हाईक ती कॉफी त्याच सुरासाठी विकत घेतं. ‘माती म्हणजे दोष’ असं मनात बसलेला पॅनेलिस्ट तिथे तीव्रता मोजता मोजता नकळत शिक्षा द्यायला लागतो. आणि मातीचा वास म्हणजे आपल्यासाठी पहिला पाऊस. तो आवडतो का नाही हे ग्राहकांना विचारायचं, शंभर-दीडशे जणांना. प्रशिक्षित दहा जणांनी फक्त ‘किती’ एवढंच सांगायचं.

वापरताना चुका कुठे होतात ते सविस्तर सांगतो, कारण चांगला संच वाया जातो तो इथेच. खोलीत उदबत्ती, फिनेल, रूम फ्रेशनर काही नको. पॅनेलिस्टनं गजरा, अत्तर, सुगंधी तेल, टाल्कम टाळावं, हात बिनवासाच्या साबणानं धुवावेत, तासभर आधीपासून चहा, सुपारी, तंबाखू बंद. बाटलीचा नंबर दिसला की नाक काम करायचं थांबतं आणि स्मरणशक्ती सुरू होते, म्हणून बाटलीला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून वर तीन अंकी कोड चिकटवा आणि दर सत्राला कोड बदला. बाटली नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून दोन-तीन छोटे हुंगे घ्यायचे, दीर्घ श्वास नाही. लगेच झाकण. पुढच्या बाटलीआधी निदान अर्धा मिनिट थांबायचं. मधल्या वेळात स्वतःच्या कोपराचा आतला भाग हुंगला तरी पुरतं. कॉफीच्या बिया हुंगून नाक ‘साफ’ होतं ही समजूत साध्या हवेपेक्षा काही जास्त देत नाही, आणि कॉफीच्याच सत्रात ती उलट नडते. एका बैठकीत सहा ते आठ बाटल्या, त्याहून जास्त नको. आधी लिहायचं, मग बोलायचं. एकानं मोठ्यानं ‘कॅरॅमल’ म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना कॅरॅमल यायला लागतं.

झाकणांची अदलाबदल हा सर्वात महाग पडणारा घोटाळा. लवंगेचं झाकण एकदा काकडीच्या बाटलीवर बसलं की काकडी संपली. म्हणून एका वेळी एकच बाटली उघडी, आणि झाकण टेबलावर ठेवायचं नाही, हातातच धरायचं. संच उभा, अंधारात, थंड जागी. फ्रिजमध्ये मसाल्याच्या डब्यांशेजारी नको.

34 नंबरची, भाजलेल्या कॉफीची बाटली आम्ही पॅनेल निवडतानाच पुढे करायला सांगू. कोविडनंतर काही जणांची वासाची जाणीव उलटी झाली, आवडती कॉफी जळकी आणि किळसवाणी लागू लागली. भाजलेल्या कॉफीतला फ्युरफ्युरिलथायॉल हा रेणू अशा लोकांना विशेष त्रास देतो, असं संशोधनात दिसलं आहे. ज्याला ही बाटली असह्य वाटते त्याला सहा महिने इतर कामावर ठेवा आणि मग पुन्हा तपासा. त्यात त्या माणसाचा काही दोष नाही, पण त्याचे आकडे सरासरीत मिसळले तर उत्पादनाचा निकाल बिघडतो.

संचात काय नाही, तेही पाहावं. चिकोरी, म्हणजे भाजून कॉफीत मिसळतात ती मुळी, नाही. आपल्या कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असायला हवी, म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, आणि फिल्टर कॉफीच्या बाजाराचा मोठा भाग या मिश्रणावर उभा आहे. तिचा संदर्भ आपणच बनवायचा: 10 ग्रॅम भाजलेली चिकोरी पूड, 200 मिलि उकळतं पाणी, पाच मिनिटांनी गाळून झाकणाच्या कपात. रोज ताजी. उकळलेल्या दुधाचा, साय करपल्याचा वासही नाही. शिवाय प्रत्येक वास एकाच तीव्रतेचा आहे, त्यामुळे 0 ते 15 चं माप या बाटल्यांवर शिकवता येत नाही. आणि बाटलीतला वास समोरून नाकात जातो. घोट गिळल्यावर घशामागून नाकात चढतो तो अनुभव निराळा, कित्येकांना पुढून ओळखता येणारा वास मागून ओळखता येत नाही. बाटलीतला द्रव पिण्यासाठी नाही, तेव्हा तो कॉफीत टाकून पाहण्याचा प्रयोग करू नका. त्यासाठी खाण्यायोग्य फ्लेवर वेगळे आणा.

पॅनेल तयार झालं का, हे बाटल्यांच्या गुणांवर ठरवू नये. छत्तीसपैकी तीस नावं बरोबर सांगणारा माणूस दोन खऱ्या कपांतला फरक चुकवू शकतो. शेवटी आपल्याच उत्पादनावर ट्रँगल टेस्ट घ्या: तीन कप, दोन सारखे, एक वेगळा. नुसत्या अंदाजानंही तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतं, म्हणून 24 उत्तरांत निदान 13 बरोबर आली तरच फरक खरा धरायचा; इतकी बरोबर उत्तरं नुसत्या नशिबानं येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते.

घ्यायचा का? इन्स्टंट कॉफी, फिल्टर पावडर किंवा कॉफी भाजण्याचा कारखाना असेल आणि बाहेरच्या खरेदीदाराशी वासाच्या भाषेत बोलावं लागत असेल तर नक्की. कॉफीचा स्वाद असलेली बिस्किटं किंवा आइस्क्रीम यांच्यापुरतं काम असेल तर गडद काचेच्या तीस मिलिच्या बाटल्या, कापूस आणि वाण्याकडचा माल यांवर दहा-बारा वासांचा घरचा संच जमतो: लवंगा दोन, भरडलेले धणे दोन ग्रॅम, मिरी एक ग्रॅम, ताजे भाजलेले शेंगदाणे दहा ग्रॅम. मसाले आठवड्यानं बदलायचे, दाणे त्याच दिवशी फेकायचे. मूळ संच घेणार असाल तर एका पॅनेलला दोन घ्या. जोड्या लावण्याचा सराव, म्हणजे नऊ कोड केलेल्या बाटल्यांसमोर तेच नऊ वास वेगळ्या कोडखाली, हा या संचाचा सर्वात उपयोगी व्यायाम आहे, आणि एका संचावर तो करायचा तर अत्तरवाल्यांच्या कागदी पट्ट्यांवर थेंब घ्यावे लागतात. त्यात बाटल्या लवकर संपतात आणि पट्टीवरचा लिंबू पाच मिनिटांत उडून जातो, लवंग मात्र दुपारपर्यंत खोलीत राहते.